जाऊ की राहू?

साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात, आणि गावानं ते मनावर घेतलं आहे. सकाळी अजिंक्यताऱ्याची चढण चढायची, उतरताना भेटेल त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची, राजवाड्यापाशी चहा प्यायचा, घरी पाहुणे येणार असतील तर मोती चौकातून अर्धा किलो कंदी पेढे घ्यायचे आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचं. दुपारची झोप हा वादाचा विषयच नाही. हे वेळापत्रक फक्त निवृत्तांचं आहे असं समजू नका. नोकरीतली माणसंही ते जमेल तसं पाळतात आणि कॉलेजातली पोरं त्याचा सराव करतात. प्यायचं पाणीसुद्धा कासच्या तलावातून उतारानं आपलं आपण शहरात येतं. पाण्यानंच जिथं दगदग करून घेतली नाही, तिथं माणसानं का करून घ्यावी?

अशा या गावात मध्यंतरी पुण्याहून एक वक्ते आले आणि त्यांनी आम्हाला कम्फर्ट झोन सोडायला सांगितलं. व्याख्यान फुकट होतं, खुर्च्या गुबगुबीत होत्या, शेवटी चहा आणि बिस्किटं होती, त्यामुळे सभागृह भरलेलं होतं. वक्ते तळमळीनं बोलले. गरुडाची पिल्लं, बंदरातली जहाजं, उकळत्या पाण्यातला बेडूक असा सगळा लवाजमा येऊन गेला. "उद्यापासून नाही, आजपासून!" असं म्हणून ते थांबले आणि टाळ्या वाजल्या. बाहेर पडताना शेजारचे काका मला म्हणाले, "माणूस चांगला बोलला. सोडून जायचं कुठं, तेवढं सांगायचं राहिलं बघा."

सातारकर कम्फर्ट झोन अजिबात सोडत नाहीत असं मात्र नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्यातल्या एका रविवारी, तो अगदी समारंभानं सोडला जातो. २०१२ पासून इथं हिल मॅरेथॉन होते. देशभरातून माणसं येतात आणि भल्या सकाळी यवतेश्वरचा घाट धावत चढतात. वर धुकं, खाली दरी, पायात गोळे. एकवीस किलोमीटर धावून माणूस जिथून निघाला तिथंच परत येतो, गळ्यात पदक घालून घेतो आणि नाष्ट्याला मोकळा होतो. कम्फर्ट झोन सोडण्याची ही पद्धत मला मनापासून पटते. ठरलेल्या वेळी सोडायचा, वाटेत पाणी आणि केळी मिळणार याची खात्री करून घ्यायची, आणि दहाच्या आत पुन्हा आत यायचं.

पण मघाच्या काकांचं राहिलं. ते बँकेत कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. हुशारीत कमी पडले म्हणून नव्हे. प्रमोशन म्हणजे बदली, आणि काकांना बदली नको होती. सातारा-सांगलीकडच्या बँकांत ही एक जुनी जमात आहे. प्रमोशनचं परिपत्रक आलं की काका ते नीट वाचत, चार घड्या घालत आणि डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवून देत. ज्यांना त्यांनी लेजर लिहायला शिकवलं ती पोरं त्यांच्याच शाखेत साहेब होऊन आली. काका उठून उभे राहत, 'या साहेब' म्हणत आणि साहेबांची चूक हळूच पेन्सिलीनं दुरुस्त करत. एकदा कुणीतरी विचारलं, "पगार वाढला असता की हो." काका म्हणाले, "वाढला असता. पण तो गुवाहाटीत बसून मोजावा लागला असता."

काकांनी प्रमोशन नाकारलं. आमच्याच भागाच्या इतिहासात एक गृहस्थ असे आहेत, ज्यांना प्रमोशन नाकारलं गेलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले आणि सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर असं करत राहिले. तिथूनही त्यांना कारखाना हलवावा लागला. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं. निवडुंग आणि साप यांचीच तिथं वस्ती. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आता सांगा, वेळेवर बढती मिळाली असती तर? लक्ष्मणराव कदाचित मोठ्या हुद्द्यावरून सुखानं निवृत्त झाले असते आणि आमच्या शेतात लाकडी नांगर आणखी बरीच वर्षं चालले असते.

विष्णुदास भाव्यांचं पाहा. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी त्यांना सांगितलं, कर्नाटकातली मंडळी खेळ करतात तसा मराठीत करून दाखव. भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं केलं. पदरी राजाश्रय होता, रंगायला वाडा होता, बघायला राजा होता. नाटकवाल्याला आणखी काय हवं? पण १८५१ साली चिंतामणराव गेले आणि आश्रय आटला. तेव्हा भाव्यांनी नट, मुकुट आणि मुखवटे गोळा केले आणि गावोगाव तिकीट लावून खेळ सुरू केले. १८५३ ला ते मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहापर्यंत पोचले. मराठी नाटकाचा धंदा सुरू झाला तो असा, पगार बंद झाल्यावर.

थोरामोठ्यांची चरित्रं वाचताना एक गोष्ट लपून राहत नाही. कम्फर्ट झोन सोडायचा की नाही, याचा विचार करत ही माणसं रात्र रात्र जागत बसली नव्हती. बहुतेकांच्या बाबतीत कम्फर्ट झोननंच त्यांना सोडलं होतं.

चरित्रं ज्यांची कुणी लिहीत नाही, त्यांच्या बाबतीत तर हे आणखी खरं. विट्याकडची गलाईवाली मंडळी घ्या. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि इकडे साताऱ्यातले माण-खटाव हा सगळा पट्टा पावसाच्या पाठीकडचा. शेतात कुसळं, विहिरीत दगड. इथली माणसं सोन्या-चांदीच्या आटणीचं काम शिकली आणि देशभर पांगली. सराफाच्या पेढीमागं एखादी अरुंद खोली, कोळशाची भट्टी, त्यात लालभडक झालेली मूस, ॲसिडचा डोळ्यांत जाणारा धूर. जुने दागिने वितळवायचे, दुकानातली झाडलोट वेचून त्यातलं सोनं वेगळं करायचं, टंच काढून द्यायचा. कोचीन, कोइमतूर, हैदराबाद, कोलकाता, थेट नेपाळ. बाजारपेठेच्या गल्लीत शिरून खणखणीत माणदेशी शिवी कानावर आली, तर समजायचं, आपला माणूस आहे.

या मंडळींचं खरं दर्शन घडतं गावच्या यात्रेत. एरवी सामसूम असलेल्या गावात केरळच्या, तमिळनाडूच्या, बंगालच्या नंबराच्या गाड्या धुरळा उडवत येतात. बंगल्यांची दारं उघडतात. पालखीपुढे गुलालात न्हालेला बाप मराठीत ओरडतो आणि त्याचा पोरगा तमिळमध्ये उत्तर देतो. यात्रा संपली की मटणाची पातेली घासून पालथी होतात, गाड्या जातात आणि बंगल्यांना पुन्हा कुलपं लागतात. अशा एका गावात ओट्यावर बसलेली एक आजी मला भेटली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ही थोरल्याच्या बंगल्याची, ही धाकट्याच्या, ही पलीकडच्या पुतण्याच्या, असं करत तिनं मला सगळ्या किल्ल्यांची ओळख करून दिली.

"आजी, पोरांकडं जात नाही का ऱ्हायला?"

"गेलते की कोइमतुरास. भाकरी मिळंना, आन् बोलायला कोण न्हाई. दोन्ही येळंला भात." मग जुडगा कमरेला खोचत म्हणाली, "आन् मी तिकडं बसल्यावर हितं दिवा कोण लावनार?"

इतक्या घरांत रोज संध्याकाळी दिवा लावत फिरणाऱ्या त्या बाईला कुणी धाडसी म्हणत नाही. पोरांना म्हणतात. पण परक्या मुलखात भट्टी पेटवायला पोरं जाऊ शकली, कारण इथली वीज चालू होती, सातबारा जागेवर होता आणि म्हातारा-म्हातारीला औषध मिळत होतं. आता टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी त्या भागात पोचलं आहे. कुसळांच्या जागी डाळिंबं आणि द्राक्षं दिसतात. मग कोइमतुरातल्या मुलांना वाटतं, परत जावं का गावाला? पण तिथं आता स्वतःचं दुकान आहे, पोरांची शाळा आहे, रविवारचा क्रिकेटचा कंपू आहे. भातही आवडायला लागला आहे. ज्यांच्या आजोबांना गाव सोडणं अवघड गेलं, त्यांच्या नातवांना गावाला येणं अवघड जातं आहे.

पाटण-जावळीच्या डोंगरातून मुंबईला गेलेल्या माथाडींची कहाणी याच वळणाची. मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर पोती वाहणाऱ्या या माणसांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलं, १९६९ ला कायदा झाला, त्यावर लिहिलंही गेलं. पण डोंगरातल्या घरात सासू-सासरे, दोन म्हशी, एक नाचणीचं वावर आणि शाळेतली पोरं एकटीनं सांभाळणारी बाई कुठल्या पुस्तकात नाही. नवरा मुंबईला आणि ती 'घरीच'. त्या 'घरीच'मध्ये किती काम मावतं, हे ज्यानं केलं त्यालाच माहीत.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे तर कम्फर्ट झोन सोडण्याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. पाय लाल मातीत मुरलेले, आणि १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये समोर मॅट. तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी १९५२ ला कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांचा पराक्रम खाशाबांचाच, त्यात वाटेकरी नाही. पण मला राहून राहून खर्डेकरांच्या घरातली ती संध्याकाळ डोळ्यापुढे येते. मॅटवर खाशाबा उतरणार होते, आणि जोखमीवर टांगलं होतं घर प्राचार्यांचं. घरात या विषयावर काय संभाषण झालं असेल, हे कोणताही विवाहित मराठी वाचक स्वतःच्या बळावर कल्पू शकेल.

म्हणजे जाणारा एक आणि राहणारा एक, अशी ही जोडी असते. व्याख्यानं होतात ती फक्त जाणाऱ्याची. आमच्या काकांचे तीन भाऊ. एक मुंबईला, एक पुण्याला, एक अमेरिकेत. तिघांनीही भरारी घेतली, तिघांचेही सत्कार झाले, आणि तिघांच्याही तोंडी आई-वडिलांविषयी एकच वाक्य असे, "दादा आहे ना तिथं." काकांच्या डब्याच्या पिशवीत घड्या होऊन पडलेली परिपत्रकं मोजली, तर तिन्ही भावांच्या विमानाच्या तिकिटांचा हिशेब लागेल.

इथं काकांना हार घालून मोकळं होता आलं असतं. पण काका प्रामाणिक आहेत. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "आईचं निमित्त हो. आई नसती तरी मी गेलो नसतो. मला जायचंच नव्हतं." राहणाऱ्यांच्या बाजूनं बोलायला निघालेल्या माणसाची यानं जरा पंचाईत होते. घरी राहणं हा दर वेळी त्याग नसतो. पुष्कळदा ती नुसती भीती असते आणि म्हाताऱ्या आईचा पदर तिच्यावर पांघरलेला असतो.

यावर मला सुचलेलं एकमेव उदाहरण सांगलीचं आहे. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या गावात, हळदीची पेवं होती. जमिनीच्या पोटात खोल खड्डा, तोंड बारीक, आत पोत्यांनी हळद. तोंड लिंपून टाकलं की हळद वर्षानुवर्षं तशीच्या तशी. कीड नाही, भुंगा नाही. २००५ च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची, कंदील खाली सोडून बघायचा, तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. आत हवा नसते म्हणून हळद टिकते, आणि हवा नसते म्हणूनच माणूस गुदमरतो. गावात, घरात, एकाच खुर्चीत राहायला काहीच हरकत नाही. अधूनमधून कंदील सोडून बघावा, एवढंच. काका निवृत्तीनंतर मोडी लिपी शिकले. आता दुपारची झोप झाली की चष्मा पुसून जुन्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन बसतात आणि कुणा पाटलानं कुणाचा बैल नेला याचा निवाडा वाचतात. गुवाहाटीला गेले नाहीत, पण अठराव्या शतकात रोज जाऊन येतात. त्यांचा कंदील चांगला जळतो आहे.

हे सगळं तत्त्वज्ञान मी साताऱ्यात बसून तयार केलं होतं, आणि सांगलीत ते भाच्यापुढं टिकलं नाही. ताईचं घर सांगलीच्या गावभागात. दाजींची मार्केट यार्डात हळदीची अडत. भाचा वालचंद कॉलेजातून इंजिनियर झाला आणि त्याला जर्मनीत नोकरी लागली. घरात कुणी जा म्हणेना, कुणी राहा म्हणेना. जेवणं झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

"मामा, समदी म्हंत्यात कम्फर्ट झोन सोड."

"मग सोड की."

"सोडतो. पण त्यो कुठला, तेवढं सांगा. जर्मनीत राहायला फ्लॅट तयार, पगार ठरलेला, शनवार-रविवार सुट्टी, पाचला काम बंद. हितं पप्पांच्या गादीवर बसायचं तर पहाटे शेतकऱ्याचा फोन, वसुलीला चार तालुके, हमालांची भांडणं, आन् ऑगस्टात पूर. यातला कम्फर्ट झोन कुठला, मामा?"

मी सुपारी कातरायला घेतली. वक्त्यांच्या गरुडाला हा प्रश्न विचारला असता तर त्यानंही पंख मिटून घेतले असते. आपण धरूनच चालतो की घर म्हणजे आराम आणि परदेश म्हणजे कष्ट. कष्ट तिथं आहेतच, एकटेपणही आहे. पण म्हाताऱ्या होत चाललेल्या आई-बापांच्या रोजच्या कुरबुरींपासून सात समुद्र लांब जाण्यात जो आराम आहे, तो कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आणि सांगलीत राहण्याला आराम म्हणायचं धाडस माझ्यात नाही. जुलै-ऑगस्टात सांगलीकर एकमेकांना नमस्कार करत नाहीत, "किती फूट?" विचारतात. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ताईच्या भिंतीवर २००५ ची रेघ आहे आणि तिच्या वर २०१९ ची. सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून साताऱ्यातून वेगळा निघाला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं, पण पाण्याचं खातं अजून सामाईक आहे. पाऊस आमच्याकडं पडतो, कोयना धरण आमच्याकडं भरतं आणि पाणी ताईच्या दारात येतं. मग मी फोन करतो, "ताई, कोयनेचे दरवाजे उचललेत गं." ती म्हणते, "बरं झालं सांगितलंस. फ्रीज उचलतो." फ्रीज माडीवर जातो, गाद्या जातात, दाजींच्या चोपड्या जातात. पाणी उतरलं की सगळं खाली येतं, चिखल काढायचा, भिंती धुवायच्या. "विश्रामबागेकडं उंचावर घर घ्या की," असं मी सांगून पाहिलं. "आन् गणपती?" ताई म्हणाली. गणपतीच्या देवळापासून लांब जायचं म्हणजे तिच्या लेखी जर्मनीच.

भाच्याला मी शेवटी एवढंच सांगितलं, की जाऊ का राहू हा प्रश्न तुझ्या एकट्याचा समजू नकोस. गेलास तर मागं कोण काय उचलणार आहे याची यादी कर आणि ज्यानं उचलायचं त्याला आधी विचार. राहिलास तर मागून कुणाला ऐकवू नकोस, की मी तुमच्यासाठी राहिलो. या दोन गोष्टी पाळल्या तर कुठंही राहा. माझं मलाच भाषण आवडलं. पुण्याचे वक्ते बिस्किटांसह आठवले.

ताई ओट्यापाशी सगळं ऐकत होती. हात पुसत बाहेर आली आणि लेकाला म्हणाली, "जायचं तर खुशाल जा, आमचं आम्ही बघू. फक्त जूनच्या आत फ्रीज वर चढवून जा. तुझ्या बापाची कंबर धरलीय, आन् मामा नुसता फोन करतोय."